हमिंगबर्ड काय खातो: चमचाभर वजनाच्या पक्ष्याचा रोजचा हिशेब

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बारा महिने आढळणाऱ्या ॲनाज हमिंगबर्डचे वजन साधारण ४.५ ग्रॅम भरते, म्हणजे स्वयंपाकघरातील लहान चमचाभर साखरेइतके. हा पक्षी मोकळ्या रानात वावरताना दिवसाकाठी किती ऊर्जा खर्च करतो हे शास्त्रज्ञांनी मोजले आहे आणि तो आकडा सुमारे ३२ किलोज्यूल, म्हणजे साडेसात किलोकॅलरींच्या आसपास आहे. गव्हाच्या एका पोळीत याच्या जवळजवळ दहापट ऊर्जा असते, त्यामुळे प्रथमदर्शनी हा खर्च नगण्य वाटतो. परंतु तो केवळ साखरेतून भागवायचा झाल्यास पक्ष्याला रोज जवळपास २ ग्रॅम साखर मिळवावी लागते, आणि २ ग्रॅम म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून थोडीच कमी. ६० किलो वजनाच्या माणसाला याच प्रमाणात खावे लागले असते, तर त्याला रोज २५ किलोंहून अधिक साखर संपवावी लागली असती.

हमिंगबर्डच्या आहाराविषयी दोन समजुती सर्वत्र रूढ आहेत. हा पक्षी फुलांतील गोड रसावर जगतो ही पहिली आणि तो दिवसभर उडतच असतो ही दुसरी. पहिली समजूत अर्धीच खरी आहे आणि दुसरी तर बरीचशी चुकीची. फुलांतील रस हे या पक्ष्याचे इंधन आहे. पण नुसत्या इंधनाने शरीर बांधले जात नाही, आणि त्याचे स्नायू, पिसे, अंडी व पिल्ले यांसाठी लागणारा कच्चा माल कीटक आणि कोळी यांच्याकडून येतो. हा भेद एकदा ध्यानात घेतला, की या पक्ष्याच्या चोचीपासून मूत्रपिंडापर्यंतच्या अनेक विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा अर्थ लागू लागतो.

हमिंगबर्डच्या ३५० हून अधिक जाती आहेत आणि त्या सर्व केवळ अमेरिका खंडांत, उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेला तिएरा देल फुएगोपर्यंत, आढळतात. सर्वाधिक जाती अँडीज पर्वताच्या उत्तर भागात, कोलंबिया आणि इक्वेडोर या देशांत आहेत. क्यूबातील बी हमिंगबर्डचे वजन जेमतेम २ ग्रॅम असते, तर अँडीजमधील जायंट हमिंगबर्ड २० ग्रॅमच्या आसपास जातो. भारतात हा पक्षी नाही. महाराष्ट्रात जास्वंदीवर किंवा शेवग्याच्या फुलोऱ्यावर दिसणारा चमकदार, बाकदार चोचीचा चिमुकला पक्षी म्हणजे शिंजीर होय, आणि त्याचे हमिंगबर्डशी जवळचे नाते नाही. फुलातील रस पिण्याच्या एकाच व्यवसायामुळे दोघांची ठेवण सारखी झाली आहे. शिंजीर शक्यतो फांदीवर बसून रस पितो आणि हवेत थोडाच वेळ थबकतो, हमिंगबर्ड मात्र हवेत स्थिर राहूनच पितो. तरीही युरोप-आशियाचा हमिंगबर्डशी काहीच संबंध नव्हता असे म्हणता येणार नाही, कारण जर्मनीत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे, आधुनिक हमिंगबर्डशी विलक्षण साम्य असलेले जीवाश्म सापडले असून त्यांचे वर्णन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

फुलातील हा गोड रस, म्हणजे मकरंद, मधापेक्षा वेगळा असतो. मध हा मधमाशीने आटवलेला, घट्ट पदार्थ असतो, तर मकरंद पाण्यासारखा पातळ असतो आणि हमिंगबर्ड ज्या फुलांना भेट देतात त्यांच्या मकरंदात साखरेचे प्रमाण बहुधा २० ते २५ टक्के असते. या साखरेतील मोठा वाटा सुक्रोजचा, म्हणजे आपल्या उसाच्या साखरेचाच असतो. आता वरचा हिशेब पुढे नेऊ. २ ग्रॅम साखर हवी असेल आणि मकरंदात ती २० टक्के असेल, तर पक्ष्याला १० ग्रॅम मकरंद प्यावा लागेल, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक. एका फुलातून एका वेळी मिळणारा रस मायक्रोलिटरमध्ये मोजावा लागतो, आणि पाण्याच्या एका थेंबात सुमारे ५० मायक्रोलिटर मावतात. प्रत्येक फुलातून ५ मायक्रोलिटर रस मिळाला असे धरले, तरी दिवसभरात १,८०० च्या आसपास फुले पालथी घालावी लागतात. वाटेतली काही फुले आधीच कोणीतरी रिकामी केलेली असतात, हे यात धरलेले नाही.

एवढ्या साखरेच्या मागे असलेल्या या पक्ष्याला गोडी कळते कशी, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. सस्तन प्राण्यांच्या जिभेवर गोड चव ओळखणारा एक ग्राही असतो आणि तो दोन प्रथिनांच्या जोडीने बनतो. या जोडीतील एका प्रथिनाचे जनुक पक्ष्यांच्या वंशात फार पूर्वीच नाहीसे झाले, आणि त्यामुळे कोंबडीसारख्या पक्ष्याला साखरेचे विशेष आकर्षण वाटत नाही. मॉड बॉल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की हमिंगबर्डच्या पूर्वजांत एक वेगळाच ग्राही, जो एरवी मांसातील किंवा कीटकांतील प्रथिनांची चव ओळखण्याच्या कामी येतो, हळूहळू बदलत जाऊन साखर ओळखू लागला. हमिंगबर्डचे पूर्वज कीटकभक्षी होते, आणि कीटकांची चव घेणाऱ्या यंत्रणेतूनच त्यांना गोडी गवसली. या पक्ष्याविषयी जे काही ज्ञात आहे त्यात मला ही गोष्ट सर्वांत अर्थपूर्ण वाटते, कारण त्याच्या आहाराच्या दोन्ही बाजू तिच्यात एकत्र येतात.

रस ओळखला तरी तो तोंडात यायला हवा. हमिंगबर्डची लांब चोच पाहून ती पन्हाळीसारखी किंवा शीतपेयाच्या नळीसारखी काम करत असावी असे वाटते, परंतु तो चोचीने रस ओढत नाही. काम करते ती जीभ, आणि ती चोचीच्या टोकाबाहेरही बरीच लांब जाऊ शकते. ही जीभ आत ओढल्यावर कुठे मावते, याचे उत्तर सुतार पक्ष्यासारखेच आहे: जिभेला आधार देणारी बारीक हाडे कवटीच्या मागून वळसा घालून डोक्याच्या वरून पुढे आलेली असतात. जिभेचे टोक दुभंगलेले असून प्रत्येक भागाला लांबीच्या दिशेने एक खाच असते, आणि टोकाशी त्या खाचेच्या कडेला झालरीसारखे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात.

१८३३ पासून असे मानले जात होते, की या खाचांमध्ये रस केशाकर्षणाने चढतो, म्हणजे कंदिलाच्या वातीत तेल जसे आपोआप वर चढते तसा. हे स्पष्टीकरण इतके स्वाभाविक वाटणारे होते, की पावणेदोनशे वर्षे ते टिकून राहिले. अलेहांद्रो रिको-गेवारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी पारदर्शक कृत्रिम फुले तयार करून, अतिवेगवान कॅमेऱ्याने जिभेची हालचाल टिपली, तेव्हा चित्र पार बदलले. २०११ मध्ये त्यांनी दाखवले, की जीभ रसात बुडताच तिची दोन टोके एकमेकांपासून दूर होतात आणि कडेची झालर उलगडते; जीभ बाहेर निघताना तीच झालर आतल्या बाजूला गुंडाळली जाऊन रस तिच्यात कोंडला जातो. या हालचालीसाठी स्नायूंची गरज नसते. मृत पक्ष्याची जीभही रसात बुडवून बाहेर काढली असता तशीच वागते.

हे झाले टोकाचे काम. उरलेल्या लांबीत रस कसा भरतो, याचा उलगडा त्याच अभ्यासकांनी २०१५ मध्ये केला. जीभ बाहेर पडताना चोचीचे टोक तिला दाबून चपटी करते आणि खाचा मिटतात. रसाचा स्पर्श होताच दबलेल्या खाचा स्वतःच्या लवचिकपणामुळे पुन्हा फुगतात आणि फुगता फुगता रस आत खेचतात. शाईच्या जुन्या पेनात शाई भरताना रबरी नळी दाबून सोडली की ती शाई ओढून घेत असे. येथेही तत्त्व तेच आहे, फरक इतकाच की हे काम सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास पूर्ण होते. केशाकर्षणाने एवढा वेग साधला नसता. भरलेली जीभ आत आली की रस मागे ढकलला जातो, आणि ती पुन्हा बाहेर पडते. असे एका सेकंदात १५ च्या आसपास वेळा घडू शकते. त्यामुळे एका फुलासमोर हा पक्षी क्षणभरच थांबलेला दिसतो आणि तेवढ्यात फूल रिकामे झालेले असते.

क्षणभरच थांबणे आवश्यकही असते, कारण हवेत एका जागी स्थिर राहणे हे प्राणिजगतातील सर्वांत खर्चिक कामांपैकी एक आहे. बहुतेक पक्ष्यांचे पंख खाली येतानाच शरीराला उचलून धरतात. हमिंगबर्ड मात्र पंख आडव्या आठच्या आकारात फिरवतो आणि पंख मागे जातानाही काही भार पेलतो. मोजमापांनुसार पुढच्या फटक्यात सुमारे ७५ टक्के आणि मागच्या फटक्यात सुमारे २५ टक्के. लहान जातींचे पंख सेकंदाला ५० हून अधिक वेळा फिरतात आणि हृदयाचे ठोके मिनिटाला १,२०० च्या पुढे जाऊ शकतात.

या खर्चाला पुरणारे इंधन स्नायूंना कुठून मिळते, याचा शोध श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बनवरून लावण्यात आला. निरनिराळ्या वनस्पतींपासून बनलेल्या साखरेत कार्बनच्या प्रकारांचे प्रमाण किंचित वेगळे असते, त्यामुळे पक्ष्याला उसाची साखर पाजल्यावर त्याच्या श्वासात तिची खूण ओळखता येते. उपाशी पक्षी प्रथम शरीरातील चरबी जाळतो. परंतु साखर प्यायल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या हवेत तरंगण्याचा जवळजवळ सगळा खर्च नुकत्याच प्यायलेल्या साखरेतून भागू लागतो. माणसाला व्यायाम करताना नुकत्याच खाल्लेल्या साखरेतून जेमतेम एक तृतीयांश गरज भागवता येते, आणि फ्रुक्टोज तर आपल्याला बहुतांशी यकृतातून फिरवून आणावे लागते. हमिंगबर्ड मात्र ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही स्नायूंत सारख्याच सहजतेने जाळतो. त्याच्या आतड्यात सुक्रोज फोडणारे विकर मोठ्या प्रमाणात असते आणि प्यायलेल्या साखरेपैकी ९५ टक्क्यांहून अधिक साखर शोषली जाते.

याचा परिणाम त्याच्या रक्तात दिसतो. उपाशी हमिंगबर्डच्या रक्तातील साखर १०० मिलिलिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅम असते आणि पोटभर प्यायल्यावर ती ७०० च्याही पुढे जाते. उपाशीपोटी १०० चा आकडा ओलांडला तरी काळजीत पडणाऱ्या आपल्या घरांत हे आकडे अविश्वसनीय वाटतील, परंतु हमिंगबर्डसाठी ती रोजची स्थिती आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असेही आढळले, की स्नायूंमध्ये साखर नव्याने तयार करण्याच्या प्रक्रियेतील एक महत्त्वाचे जनुक हमिंगबर्डच्या पूर्वजांनी गमावले आहे. ज्या स्नायूला साखर सतत जाळायची आहे, त्याने ती बनवण्याची व्यवस्थाच मोडीत काढली.

आता दुसऱ्या समजुतीकडे वळू. १९८६ मध्ये रूफस हमिंगबर्डवरील एका अभ्यासात असे दिसले, की हे पक्षी जागेपणीच्या वेळातील सुमारे तीन चतुर्थांश वेळ चक्क बसून असतात. भोवती फुले भरलेली असताना इतका भुकेला पक्षी स्वस्थ का बसतो, हे कोडे होते. त्याचे उत्तर अन्नपुटात, म्हणजे गळ्याशी असलेल्या साठवणीच्या पिशवीत सापडले. प्यायलेला रस प्रथम या पिशवीत जातो आणि ती अर्धी रिकामी व्हायला सुमारे ४ मिनिटे लागतात. पिशवीत जागा होईपर्यंत पुढच्या फुलांकडे जाण्यात अर्थ नसतो, उलट उडण्याचा खर्च मात्र होतो. म्हणून तो एखाद्या उघड्या फांदीवर बसतो, जागा झाली की निघतो, काही फुले टिपतो आणि परत येऊन बसतो. ज्याला आपण आळस म्हटले असते, ती खरे तर पचनाची प्रतीक्षा असते.

साखरेबरोबर येणाऱ्या पाण्याचीही व्यवस्था करावी लागते. १० ग्रॅम मकरंदात ८ ग्रॅम पाणी असते, म्हणजे पक्ष्याच्या वजनाच्या पावणेदोन पटीहून अधिक. हे सगळे पाणी बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडे दिवसभर पातळ मूत्र तयार करत राहतात, आणि त्यासाठी ती उत्तम आहेत. मूत्र घट्ट करून पाणी राखण्याचे कसब मात्र त्यांना फारसे अवगत नाही. रात्री पिणे बंद झाल्यावर याच मूत्रपिंडांमुळे पक्षी कोरडा पडण्याचा धोका असतो, आणि तो टाळण्यासाठी रात्री त्यांतील गाळण जवळपास थांबते.

येथपर्यंत झाला तो इंधनाचा विचार. मकरंदात प्रथिने जवळजवळ नसतात, स्निग्ध पदार्थ नसतात आणि क्षारही तुटपुंजे असतात. त्यामुळे प्रत्येक हमिंगबर्ड शिकारी असतो. चिलटे, फळमाश्या, डास, मावा आणि लहान कोळी हे त्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. चिलटांच्या थव्यात शिरून तो हवेतच एकेक चिलट टिपतो. पानांच्या खालच्या बाजूला आणि सालीच्या फटींत शोध घेतो. कोळ्याच्या जाळ्यासमोर हवेत थांबून जाळ्यात अडकलेले कीटक उचलतो आणि कधी त्या कोळ्यालाही गिळतो. घरटे विणण्यासाठी त्याच जाळ्यातील तंतूही मादी घेऊन जाते.

सुईसारख्या चोचीने उडता कीटक पकडायचा कसा, हा प्रश्न अभ्यासकांनाही पडला होता. चिमट्याने माशी पकडण्यासारखेच ते काम वाटते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत असे दिसले, की कीटकावर झेप घेताना पक्ष्याचा खालचा जबडा मधोमध खाली वाकतो आणि मुळाशी रुंदावतो, त्यामुळे तोंडाचा आ अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा होतो. या जबड्यात मध्ये सांधा नाही. पातळ हाडच वाकते. पुढील अभ्यासात स्पष्ट झाले, की वाकलेल्या हाडात ताण साठतो आणि तो सुटताच जबडा सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात फटकन मिटतो. पत्र्याच्या डबीचे फुगीर झाकण दाबून सोडल्यावर जसे टक्कन उसळते, तशीच ही क्रिया आहे. कीटक चोचीच्या टोकात न येता थेट घशाशी पकडला जातो, हेही त्याच चित्रफितींतून कळले, आणि लांब चोच केवळ फुलांसाठी घडलेली आहे हा समज त्यामुळे बराच सैल झाला.

मादीचा आहार या दृष्टीने पाहण्यासारखा असतो. अंडी घालण्याच्या आणि पिल्ले वाढवण्याच्या काळात तिचा कीटकांचा शोध वाढतो. बहुतेक सर्व जातींत पिल्लांचे संगोपन एकटी मादीच करते. ती अर्धवट पचलेले कीटक आणि मकरंद यांचे मिश्रण पोटातून वर आणते आणि चोच पिल्लाच्या घशात खोल घालून भरवते. पिल्लाचे शरीर तीन आठवड्यांच्या आसपास पूर्ण वाढायचे असते आणि ते नुसत्या साखरेवर होणार नाही. विणीच्या काळात माद्या राख आणि माती खाताना आढळल्या आहेत, आणि अंड्याच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम त्यातून मिळत असावे असा अंदाज आहे.

फुलांशी असलेला व्यवहारही एकतर्फी नसतो. पक्षी रस घेतो आणि त्याच्या कपाळाला किंवा चोचीला चिकटलेले परागकण पुढच्या फुलावर जातात, म्हणून अनेक वनस्पती हमिंगबर्डला सोयीची आणि मधमाशीला गैरसोयीची फुले तयार करतात: लांब नळीची, बसायला जागा नसलेली, वासहीन आणि बहुधा लाल. लाल रंगाची हमिंगबर्डला जन्मजात ओढ असते असे नाही. मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे लाल फुलांत रस शिल्लक असण्याची शक्यता अधिक, हे पक्षी अनुभवाने शिकतात. अँडीजमधील सोर्ड-बिल्ड हमिंगबर्डची चोच शेपटी वगळता उरलेल्या शरीरापेक्षाही लांब असते आणि ती कृष्णकमळाच्या कुळातील अतिशय लांब नळीच्या फुलांतून रस काढते. कॅरिबियन बेटांवरील पर्पल-थ्रोटेड कॅरिब या जातीत तर नर आणि मादी यांच्या चोचीच वेगळ्या असतात: नराची आखूड व सरळसर, मादीची लांब व अधिक बाकदार. हेलिकोनियाच्या दोन जातींच्या फुलांचा आकारही या दोन चोचींशी तसाच जुळतो.

प्रत्येक ठिकाणी हा व्यवहार प्रामाणिकपणे चालतो असेही नाही. आखूड चोचीच्या काही जाती लांब नळीच्या फुलाला बुंध्याशी भोक पाडून रस घेतात आणि परागकणांना स्पर्शही करत नाहीत. याहून विलक्षण आहेत ते फुलांत राहणारे माइट, म्हणजे कोळ्याच्या वर्गातील अतिसूक्ष्म जीव. एक फूल सुकत आले की ते हमिंगबर्डच्या चोचीवरून धावत जाऊन नाकपुडीत शिरतात, आणि योग्य जातीच्या पुढच्या फुलाचा वास येताच उतरतात. हमेलियाच्या फुलांवरील अभ्यासात हे माइट फुलातील ४० टक्क्यांपर्यंत रस फस्त करतात असे आढळले. हे हमेलिया म्हणजे पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत कुंपणाला सर्रास लावले जाणारे, नारिंगी नळीदार फुलांचे झुडूप. ते मूळचे अमेरिकेतील असून त्याची फुले हमिंगबर्डसाठीच घडलेली आहेत. आपल्याकडे त्यांचा लाभ शिंजीर घेतात.

फुले हजारोंनी असली आणि प्रत्येकात थेंबाचाही दहावा भाग रस असला, तर कुठले फूल केव्हा रिकामे केले हे लक्षात ठेवणे गरजेचे ठरते. कॅनडातील रॉकी पर्वतात रूफस हमिंगबर्डवर केलेल्या प्रयोगात आठ कृत्रिम फुलांपैकी काही दर १० मिनिटांनी आणि काही दर २० मिनिटांनी भरली जात होती. पक्ष्यांनी कोणते फूल कोणत्या गटातले हे ओळखून त्या त्या अवधीनुसार भेटी जुळवल्या. फुलांचा ताटवा दाट असेल तर नर तो अडवून बसतो आणि इतरांना हुसकावतो; फुले विखुरलेली असतील तर हर्मिट गटातील जाती ठरलेल्या मार्गाने रोज फेरी मारतात, दूधवाल्याच्या रतिबासारखी. वसंताच्या आरंभी, उत्तरेकडे फुले उमलण्यापूर्वी पोहोचणारे रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड सॅपसकर या सुतार पक्ष्याने झाडाच्या सालीत पाडलेल्या छिद्रांतून झिरपणारा गोड रस पितात आणि त्या रसावर जमलेले कीटकही टिपतात.

कॅलिफोर्निया, टेक्सस किंवा न्यू जर्सी येथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या घरासमोर हमिंगबर्डसाठी साखरपाण्याची बाटली टांगलेली असते, म्हणून त्याविषयी थोडे सांगणे आवश्यक वाटते. एक भाग साधी पांढरी साखर आणि चार भाग पाणी एवढेच मिश्रण योग्य आहे, कारण ते नैसर्गिक मकरंदाच्या जवळ जाते. आपल्याला गूळ आणि मध साखरेपेक्षा सात्त्विक वाटतात, परंतु येथे ती समजूत घातक ठरते: गुळात आणि तपकिरी साखरेत असलेले लोह या पक्ष्याला अपायकारक ठरू शकते आणि पाण्यात कालवलेल्या मधात बुरशी झपाट्याने वाढते. लाल रंग घालण्याची गरज नाही. उन्हाळ्यात हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून बाटली धुऊन ते बदलावे लागते. बागेत कीटकनाशक फवारणे मात्र मी या सर्वांहून मोठी चूक मानतो, कारण साखर बाटलीतून देता येते, चिलटे देता येत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ॲनाज हमिंगबर्डची वीण बाहा कॅलिफोर्नियाचा उत्तर भाग आणि दक्षिण कॅलिफोर्निया एवढ्यापुरती मर्यादित होती. बागांतील परदेशी फुलझाडे आणि या बाटल्या यांच्या आधाराने तो आज कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत पोहोचला आहे.

राहिला प्रश्न बचतीचा. साखर साठवून ठेवता येत नाही, म्हणून दूरच्या प्रवासासाठी ती चरबीत रूपांतरित करावी लागते. एरवी ३ ग्रॅमच्या आसपास वजन असलेला रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड स्थलांतरापूर्वी जवळजवळ दुप्पट वजनाचा होतो, आणि त्या चरबीवर मेक्सिकोच्या आखातावरील सुमारे ८०० किलोमीटरचे अंतर न थांबता ओलांडू शकतो.

स्थलांतर वर्षातून दोनदा असते, रात्र मात्र रोज येते. अंधारात फुले दिसत नाहीत, साठा तुटपुंजा असतो आणि लहान शरीरातून उष्णता वेगाने निसटते. दिवसाच्या वेगाने खर्च चालू राहिला तर थंड रात्रीत सकाळपर्यंत टिकणे कठीण होते. म्हणून अनेक हमिंगबर्ड रात्री तात्पुरत्या सुप्तावस्थेत जातात: शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या जवळून खाली उतरते, हृदयाची गती मंदावते आणि ऊर्जेचा खर्च नाममात्र उरतो. पेरूमधील अँडीजमध्ये सुमारे ३,८०० मीटर उंचीवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्लॅक मेटलटेल या जातीच्या एका पक्ष्याचे तापमान ३.३ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद झाली. अशा पक्ष्याला हात लावला तर तो मेलेलाच वाटेल. पहाटेच्या आधी तो छातीचे स्नायू थरथरवून स्वतःला पुन्हा तापवू लागतो, मिनिटाला साधारण एक अंश या गतीने. या थरथरीचे इंधन आदल्या संध्याकाळच्या साठ्यातूनच यावे लागते, आणि म्हणून सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात हा एरवी बराच वेळ बसून राहणारा पक्षी फांदीवर फारसा न टेकता फुलामागून फूल रिकामे करताना दिसतो.